बोलण्याची हजेरी

कोण कोणाशी किती बोलतो हे मोजण्याची विद्या संगणकाच्याही आधीची आहे. १९३१-३२ मध्ये शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात तारा जोडणाऱ्या १४ कामगारांच्या खोलीत एक निरीक्षक बसवला होता. कोण कोणाला हात देतो, कोणाचे कोणाशी बिनसते, याची तो नोंद करी. निघाले काय, तर दिवसाकाठी किती काम करायचे हे पगाराच्या आमिषापेक्षा त्या गटाचा अलिखित दंडकच ठरवीत होता! शोध मोठा होता, पण तो लागला समोर बसून पाहणाऱ्या माणसाला.

आता त्या खुर्चीवर यंत्र आले आहे. टीम्ससारख्या कचेरीअंतर्गत व्यासपीठांवर कोणी किती संदेश धाडले, कोणाला उत्तर दिले, याचे आकडे आपसूक साचतात. मायक्रोसॉफ्टने तर २०२० मध्ये असे आकडे नावानिशी वरिष्ठांपुढे ठेवण्याची सोय केली होती. ओरड झाली, तेव्हा डिसेंबरात नावे काढत असल्याचे जाहीर करावे लागले.

माझ्या मनात येते ते आमच्या शेजारचे उदाहरण. पनवेल-रोहा मार्गावर जिते सोडले की हमरापूर येते, गणपतीच्या कारखान्यांचे गाव. तिथे डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बोलत नाही. नवशिक्याचा हात अडला, की शेजारचा मुकाट्याने मूर्ती आपल्याकडे ओढून घेतो. याच भागातली मुले आज मुंबई-पनवेलच्या कचेऱ्यांत संगणकापुढे बसतात. त्यांच्यातला जो असाच उठून शेजाऱ्याच्या टेबलापाशी जातो, त्याच्या नावापुढे शून्य. आणि येईल त्या संदेशावर अंगठा उमटवणारा मात्र म्हणे ‘सहकार्यशील’!

दोन विभागांत दळणवळण तुटले आहे, हे आकड्यांवरून कळत असेल तर जरूर कळावे. त्यासाठी नावे कशाला? प्रश्न बढतीचा आहे, पोटाचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ ने नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची वाट मालकाला ठेवली आहे. तेव्हा कामगार संघटनांनी निदान एवढे तरी लेखी मागावे: काय मोजता, ते कोण पाहतो, आणि बढतीच्या कागदांत ते जाते की नाही.