बाबा, वही आणि टर्बो

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पाटी आहे. ‘येथे वाहने लावावीत. उघडू नयेत.’ खाली सेक्रेटरींची सही. पुण्यातल्या पाट्यांवर तुम्ही भरपूर हसला असाल, पण ही पाटी खास माझ्यासाठी लागलेली आहे. तिन्ही विंग मिळून दर दुसऱ्या रविवारी बॉनेट उघडून बसणारा मी एकटाच. म्हणजे अगदी एकटा नाही, शेजारी बाबा असतात. सेक्रेटरी काकांचं खरं दुखणं तेच आहे. मला ते झापू शकतात, बाबांना नाही.

गाडी कुठली? अबार्थ पुंटो. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर दोन दारांची, रस्त्याला चिकटलेली लालभडक गाडी येते त्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. आमची दिसायला चारचौघींसारखी हॅचबॅक. पण बॉनेटखाली १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १४५ बीएचपी. ऑक्टोबर २०१५मध्ये ती बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती ९.९५ लाख. आणि बनली कुठे, तर नगर रोडवरच्या रांजणगावात. नाकावरचा विंचू इटलीचा, जन्म शिरूर तालुक्यातला!

त्या विंचवाचीही गंमत आहे. कार्लो अबार्थ हे गृहस्थ १९०८ साली व्हिएन्नात जन्मले. रास वृश्चिक, म्हणून विंचू. १९४९मध्ये त्यांनी इटलीत स्वतःची कंपनी काढली. फियाटच्या छोट्या छोट्या गाड्यांसाठी सायलेन्सर आणि फेरफाराचं सामान ते पेटीत भरून विकायचे. साध्या माणसाची साधी फियाट त्या पेटीभर सामानावर पळायला लागायची. १९७१मध्ये फियाटनंच त्यांची कंपनी विकत घेतली. थोडक्यात काय, घरच्या गाडीला बोटं लावून बघायची खाज माझी एकट्याची नाही, ती गाडीच्या नावातच आहे. हे मी आईला पटवून दिलं. आई म्हणाली, “आधी ईएमआय संपव.”

मी ही गाडी २०१९मध्ये सेकंडहँड घेतली. तोवर फियाटच्या गाड्यांचा भारतातला मुक्काम संपत आला होता. मित्रांनी वेड्यात काढलं. पण कोथरूड ते हिंजवडी रोज दीड तास क्लच दाबणाऱ्या माणसाला आयुष्यात एक तरी चुकीची गोष्ट मनापासून करावीशी वाटते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिली दोन वर्षं मी शहाण्यासारखा वागलो. मग यूट्यूब बघायला लागलो.

टर्बोचा फंडा तसा सोपा आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्याच्या वाटेत एक छोटं चक्र बसवायचं. धुरानं ते फिरतं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५मध्येच घेतलं होतं. आता ही हवा किती दाबायची हे ठरवतो गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. त्याला लॅपटॉप जोडायचा, आकडे बदलायचे, की झालं. याला म्हणतात रिमॅप. ना पाना, ना काळे हात. आम्हा आयटीवाल्यांसाठी तर ही मोक्षप्राप्तीच.

२०२२मध्ये मी रिमॅप करून घेतला. सोबत ऐटबाज एअर फिल्टर आणि टर्बोकडून येणारा सिलिकॉनचा निळा होज. होज मात्र मी स्वतः बसवला, पार्किंगमध्ये, व्हिडिओ बघत. त्या दिवशी बायपासवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. राव, काय सांगू! पुढचे आठ महिने मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दुसऱ्या विषयावर बोललोच नाही.

मग डिसेंबर आला. आईबाबांना घेऊन पाचगणीला निघालो होतो. वाई सोडली की पसरणी घाट सुरू होतो. समोर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा, मुंगीच्या गतीनं. पुढे थोडा सरळ रस्ता दिसला. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, बाहेर काढली आणि पाय दाबला. अर्ध्या ट्रॉलीपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात पुढून ‘फट्’ असा आवाज आला. मग नुसतं फुस्स. आणि गाडी बसली. पाय पूर्ण दाबलेला, इंजिन ओरडतंय, पण गाडी पुढे सरकेना. वळणावरून लाल एसटी खाली येत होती.

एसटीच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. ट्रॅक्टरवाल्यानंही चाकं मातीत उतरवली. मी त्या फटीतून मागे आत घुसलो. आईनं डोळे मिटले होते. एसटीवाल्यानं खिडकीतून जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही, आणि त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता.

पुढे जागा बघून गाडी थांबवली. बाबा काही न बोलता उतरले. बाबा म्हणजे चिंचवडच्या एका कारखान्यात ३४ वर्षं टूलरूममध्ये काम केलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं आणि दहा सेकंदांत माझा निळा होज दोन बोटांनी उचलून दाखवला. तो जागेवरून निसटला होता. क्लॅम्प मी तिरका आणि अर्धवट आवळला होता. आधीच्या दाबाला तो कसाबसा टिकलाही असता. वाढवलेल्या दाबानं त्याला उडवून दिलं.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी ऑइलची डिपस्टिक काढली, रुमालानं पुसली, परत घातली, काढली आणि उन्हात धरली. ऑइल खालच्या खुणेपाशी होतं. काळं.

“शेवटचं कधी बदललंस?”

मला गाडीचा पीक टॉर्क पाठ होता. शून्य ते शंभरचे सेकंद, बूस्टचा आकडा, टायरची कंपनी, सगळं पाठ. ऑइलची तारीख आठवेना.

“आणि किती पळवलीस त्यावर?”

तेही आठवेना. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हरनं क्लॅम्प आवळला, म्हणाले, “हळू चल,” आणि पाचगणीपर्यंत गप्प बसले. त्यापेक्षा एसटीवाला परवडला.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक लांबट वही काढली. कारखान्यात प्रत्येक मशिनची असायची तशी. रकाने आखले : तारीख, किलोमीटर, काम, कोणी केलं, पुढचं कधी. पहिलं पान कोरं. “मशिनला हात लावण्याआधी मशिनचा इतिहास लागतो,” म्हणाले. “तुझ्याकडे तो नाही. म्हणजे तुला गाडी माहीत नाही, फक्त आवडते.”

मित्रहो, हे वाक्य ऑफिसच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळणार नाही.

पुढच्या रविवारी थंड इंजिनावर आम्ही टर्बोचा तोंडाकडचा पाइप काढला. आतलं चक्र नाण्यांच्या डब्यात मावेल एवढं. पण जोरात चालवताना ते मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतं, आणि त्याचा दांडा तरंगतो कशावर, तर ऑइलच्या पातळ थरावर. थर गेला की धातूवर धातू. बाबांनी चक्र बोटानं हळूच हलवून पाहिलं. बाजूला अगदी किंचित हललं तर चालतं, पुढेमागे सरकता कामा नये आणि कडेच्या भिंतीला घासता कामा नये. आमचं घासत नव्हतं. “वाचलास,” बाबा म्हणाले. ते माझ्याबद्दल होतं की टर्बोबद्दल, कोणास ठाऊक.

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. बाबांचे नियम थोडके आहेत, पण कडक.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला स्टँड. स्टँड लावल्यावरही गाडी आधी हलवून बघायची. घाई असेल त्या दिवशी पाना हातात घ्यायचा नाही.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, फिल्टरसकट आणि वेळेच्या आधी. मॅन्युअलमधला आकडा मोकळ्या हायवेवर पळणाऱ्या गाडीचा समजा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तासन्‌तास चालतं आणि किलोमीटर वाढतच नाहीत. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा, बोल्ट टॉर्क रेंचनं मापात आवळायचा. जोर लावून आटे घालवणं हा बाबांच्या लेखी गुन्हा आहे. आणि जुनं ऑइल गटारात ओतणं हा त्याहून मोठा. ते कॅनमध्ये भरून गॅरेजला द्यायचं, तिथून ते रिसायकलवाल्याकडे जातं.

सुरू केल्या केल्या पाय दाबायचा नाही, ऑइल गरम होऊ द्यायचं. घाट चढून आलात तर लगेच बंद करायची नाही, शेवटचे एकदोन किलोमीटर हळू चालवायची किंवा मिनिटभर तशीच चालू ठेवायची. नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल करपून कोळसा होतो, कढईतल्या तेलासारखा.

हवेची गळती शोधायला महागडं यंत्र नको. वर्कशॉपमध्ये पाइपांत दाबाची हवा सोडतात आणि जोडांवर साबणाचं पाणी मारतात. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. सायकलचं पंक्चर काढलेल्या कोणालाही हे जमेल. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा : फिकट तपकिरी असेल तर इंजिन खूश, काळा तेलकट असेल तर कुठेतरी दुखतंय. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि आमची गाडी त्याच्या आधीच्या काळातली, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या आम्ही दर वेळी वाकवून, वास घेऊन तपासतो. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि घाट उतरताना उकळू शकतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते नवं.

वही भरत गेली तसे तिच्यातले रिकामे रकानेही दिसायला लागले. एक रकाना होता टायमिंग बेल्टचा. आधीच्या मालकाच्या बिलांमध्ये तो कुठेच नव्हता, म्हणजे बेल्ट गाडीच्याच वयाचा. हा बेल्ट चालू गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, मग इंजिन भंगारात. मी उत्साहानं म्हटलं, आपणच बदलू. बाबांनी नकार दिला. “हे ज्याला रोजचं आहे त्याचं काम. कुठे थांबायचं तेही कळलं पाहिजे.” ओळखीच्या मेकॅनिकनं तो बदलला. पार्टसाठी तीन आठवडे वाट पाहिली. जुना बेल्ट बाबांनी मागून घेतला आणि उलटा वाकवून दाखवला. दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या. तो आता माझ्या टेबलावर असतो, लॅपटॉपच्या शेजारी.

आणि रिमॅप? तो मी काढून टाकला, गाडी मूळ फाइलवर आणली. हे बाबांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, “इन्शुरन्सवाल्यांना कळवलंयस का?” मी कळवलं नव्हतं. पसरणीत काही झालं असतं तर क्लेमच्या वेळी काय उत्तर दिलं असतं? कायदा वाचला तेव्हा आणखी घाम फुटला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

१९६२मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची गाडी आली होती, जगातल्या पहिल्यावहिल्या टर्बो गाड्यांपैकी एक. इंजिन जपण्यासाठी तिच्या एका टाकीत पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण भरावं लागायचं. लोकांना वेग हवा होता, टाकी भरायचं लक्षात राहीना. शेवटी कित्येक गाड्यांचा टर्बोच काढून टाकावा लागला. साठ वर्षांनी कोथरूडच्या पार्किंगमध्ये मी तेच करत होतो.

आता गाडी १४५ बीएचपीवरच आहे आणि खरं सांगतो, मला ती आत्ता जास्त वेगवान वाटते. क्लॅम्प माझ्या हातानं, मापात आवळलेला आहे हे माहीत असलं की पाय वेगळ्या भरवशानं दाबला जातो. सेक्रेटरी काकाही हल्ली रविवारी खाली रेंगाळतात. परवा हळूच विचारत होते, “आमच्या गाडीचं ऑइल जरा बघता का?” पाटी अजून आहे.

मागच्या महिन्यात बाबा म्हणाले, महागणपतीला जाऊन येऊ, रांजणगावला. आणि किल्ली त्यांनी घेतली. वयाच्या ७३व्या वर्षी, पहिल्यांदा. पहिली दहा मिनिटं चाळिशीच्या वर नाही. वाघोली संपली, रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी तिसऱ्यात टाकून पाय दाबला. टर्बोची बारीक शिट्टी आली. चष्म्यामागे त्यांचे डोळे असे काही चमकले की मी मोबाइल काढायचं विसरलो.

देवळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं. मग बंद केलं आणि बॉनेटवर हात ठेवून उतरले.

रात्री मी वही उघडली. नवी नोंद होती, त्यांच्या अक्षरात. तारीख. किलोमीटर. ऑइल : बरोबर. पाणी : बरोबर. काम : माहेरी नेऊन आणली.