लिफ्टमध्ये कुत्रा नको म्हणे!

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. पार्किंग, गच्चीची गळती वगैरे नेहमीचं रडगाणं संपल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत एक ठराव आला. पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी. हात वर, मंजूर, चला बटाटेवडे खायला. मी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही. म्हणजे केल्यासारखाच.

ठराव म्हणायला सगळ्या प्राण्यांसाठी, पण खरा रोख एकावरच. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा ब्रूनो. लॅब्रॅडॉर, वय वर्षं १३. ही कुत्री साधारण १०-१२ वर्षं जगतात, म्हणजे स्वारी बोनसवर चाललीय. मागच्या पायांत संधिवात. काकू ७६ च्या, गुडघे त्याच्यासारखेच. काका गेले, मुलगा बे एरियात. तो दर रविवारी फोनवर सांगतो, "आई, तू इकडे ये, कुत्र्याचं बघू काहीतरी."

सेक्रेटरीही तेच म्हणाले, "द्या ना एखाद्या शेल्टरला!" अहो, दत्तक घ्यायला येणारे लोक पिल्लू शोधतात. १३ वर्षांचा लंगडा कुत्रा कोण नेणार?

आणि काकूंचं काय? त्या साडेसहाला उठतात कारण ब्रूनो उठवतो. खाली येतात म्हणून चार माणसं भेटतात (तीही बहुतेक कुत्र्याशीच बोलतात). पावसाळ्यात त्या तीन दिवस तापाने पडून होत्या. कळलं कसं? ब्रूनो फिरायला दिसला नाही म्हणून वॉचमनने जाऊन बेल वाजवली. मी त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. ऑफिसचा सर्व्हर पाच मिनिटं गप्प झाला तर रात्री तीनला माझा फोन कोकलतो. काकू गप्प झाल्या तर कळवणारी एकच यंत्रणा होती, तीच आम्ही बहुमताने बंद करायला निघालोय!

घाण होते? मालकाने साफ करावी, नाही केली तर जरूर बोला. मुलं घाबरतात? पट्टा हवाच, आणि काकू पुढच्या फेरीची वाट बघायला तयार आहेत. पण सरसकट बंदी? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय की बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. २०२१ मध्ये केरळ हायकोर्टानेही असे बंदीचे नियम बेकायदेशीर ठरवले. आणि आमच्याकडे ज्या अमेरिकेचे दाखले ऊठसूट दिले जातात, तिथे सरकारी मदतीवर चालणाऱ्या वृद्धांच्या घरांत पाळीव प्राणी ठेवू देण्याचा कायदा १९८३ मध्ये झाला. ऑनसाइट जाऊन आलेल्या मंडळींना तिथला कचरा वेगळा करायचा नियम तेवढा आठवतो. असो.

मंगळवारी परिपत्रकाची प्रत जोडून सेक्रेटरींना पत्र दिलं. उत्तर आलं, "पुढच्या वार्षिक सभेत घेऊ." वर्षभर थांबायला ब्रूनोकडे वर्ष आहे कुठे?

काल संध्याकाळी काकू जिन्यात दिसल्या. ब्रूनोच्या पोटाखालून जुना टॉवेल घालून, त्याचे मागचे पाय उचलून धरत एकेक पायरी उतरत होत्या. मी टॉवेलचं एक टोक धरलं. दुसऱ्या मजल्यावर तिघंही टेकलो. काकू धापा टाकत म्हणाल्या, "अरे, लिफ्टचा मेंटेनन्स मात्र मी पूर्ण भरते हं."