शाल नको, पुडी द्या

कोंकणांतील नमन-खेळे आणि जाखडी यांचे चाहते म्हणविणारे गृहस्थ आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांच्या रसिकतेविषयीं आम्हांस शंका नाहीं. आमचा वाद आहे तो त्यांच्या अहेराशीं. शिमगा किंवा गणपति जवळ आला, कीं गांवीं निघालेल्या चाकरमान्यांच्या सामानांत मंडळाचें नांव छापलेल्या सदऱ्यांचा आणि सन्मानचिन्हांचा गठ्ठा असावयाचाच. खेळाच्या रात्रीं शाहिरांच्या खांद्यावर शाल पडते, हातांत श्रीफळ येतें, आणि रसिकांचें ऋण फिटतें!

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचें पोफळी घ्या. कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळें, म्हणजे १९६२ पासून, हें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु आम्हांस येथें त्याच्या हवेशीं कर्तव्य आहे. या दमट उकाड्यांत शाल पांघरावयाची कोणीं आणि केव्हां? ती पेटींतच पडून राहावयाची. उलट ज्या मृदंगावर सारें नमन उभें, त्याची पुडी याच हवेनें सैल पडते. वाद्या ताणून वादक कसाबसा सूर राखतो. पुडी फाटली म्हणजे ती नव्यानें मढविण्याचा खर्च मात्र कोणाच्याहि अहेरांत बसत नाहीं.

पोशाखाचीहि तीच कथा. जाखडींतला नाचणारा पायांत चाळ बांधून शाहिरांभोंवतीं फेर धरतो. संकासुर काळा झगा घालून अंगणभर नाचतो. चाळाचे घुंगरू गळतात, झगा विरतो. पाहणाऱ्याच्या अंगावर कोरा सदरा आणि खेळणाऱ्याच्या अंगावर ठिगळ, हा न्याय कोणत्या रसशास्त्रांतला?

कोणी म्हणेल, सन्मानाचें मोल वस्तूच्या उपयोगावरून करूं नये. शालीमुळें कलावंताची गांवांत मान उंचावते. तें आम्हांस मान्य आहे. परंतु कलावंताची मान उंचावून त्याचें वाद्य मुकें ठेवणें, हा सन्मान अर्धाच होय.

ही केवळ आमच्याकडचीच खोड नव्हे. अमेरिकेंत ब्लूग्रास संगीताच्या चाहत्यांसाठींहि छापील सदरे आणि टोप्या विकल्या जातात. त्या संगीताचे जनक बिल मन्रो यांचें जुनें मेंडोलिन १९८५ सालीं घरांत शिरलेल्या कोणी तरी फोडलें. गिब्सन कंपनीच्या कारागिरानें बारीकसारीक तुकडे जुळवून तें पुन्हा वाजतें केलें. मन्रो यांच्या हातीं त्यांचा सूर परत आला तो त्या कारागिरीमुळें. टोप्यांच्या ढिगानें तो आला नसता.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. पुढच्या शिमग्यापूर्वीं खेळ्यांना एक पत्र टाका, आणि काय मोडलें, काय फाटलें, तें विचारा. पुडी मढवून द्या, चाळ ओंवून द्या, झग्याचें कापड घेऊन तो गांवच्याच शिंप्याकडून शिववा. त्यांतून कांहीं उरलें, तर शाल अवश्य घ्या. तिला आमची हरकत नाहीं. पण क्रम हा असावा. पालखी दारीं आल्यावर मृदंग खणखणीत वाजला, तर अहेर पोहोंचला असें समजावें.