धडधड सुरू असतानाच ईसीजी काढा!

बसल्या जागी अचानक छाती धडधडायला लागते. मिनिटाला १६०, १८०, कधी २०० ठोके. दहा मिनिटांनी नाहीतर दोन तासांनी तशीच अचानक थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. मग ठरलेलं वाक्य येतं: "टेन्शन फार घेता तुम्ही." पेशंट बाई असेल तर हमखास.

मंडळी, दर वेळी ते टेन्शन नसतं. बऱ्याचदा तो एसव्हीटी असतो. हृदयाच्या वायरिंगमध्ये एक जादा वाट असते आणि करंट तिथेच गोल गोल फिरत राहतो. याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार बायकांमध्येच अधिक दिसतो. अमेरिकेत १९९७ साली अशा १०७ पेशंटचा अभ्यास छापून आला. त्यातल्या ६७ टक्के लोकांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या व्याख्येत बसत होती, आणि निम्म्याहून जास्त जणांचा खरा आजार पहिल्या तपासणीत सापडलाच नव्हता.

यावर कॅथेटर अॅब्लेशन हा उपाय आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेतात, ती जादा वाट शोधतात आणि उष्णता देऊन बंद करतात. छाती उघडत नाहीत. एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारात ९५ टक्क्यांच्या आसपास यश मिळतं. धोका अगदीच नाही असं नाही. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहून कमी जणांना, पेसमेकर लागू शकतो. म्हणून वर्षातून एकदा पाच मिनिटं धडधडत असेल तर थांबायलाही हरकत नाही. पण वारंवार होतंय, चक्कर येऊन पडायला होतंय, गोळ्या चालत नाहीत किंवा बाळाचा विचार आहे, तर हा पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवलाच पाहिजे. वारंवार त्रास होणाऱ्यांना अॅब्लेशन सुचवावं, असं युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

आपल्याकडे गाडी अडते ती त्याच्या आधीच. अॅब्लेशन करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत. त्यांच्याकडे गेलं की पहिला प्रश्न असतो, "धडधडत असतानाचा ईसीजी आहे का?" आणि तोच नसतो! तालुक्याला पेशंट धडधडत पोचला तरी आधी केसपेपरची रांग. किंवा इंजेक्शन देऊन ठोके थांबवतात, पण कागद पेशंटच्या हातात देत नाहीत. म्हणजे पुरावा गेला, आणि बाई परत "टेन्शनवाली".

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात धडधडीची तक्रार आली की रांग बाजूला ठेवून आधी ईसीजी काढा आणि त्याची प्रत पेशंटला द्या. याला नवीन इमारत लागत नाही, नवीन मशीन लागत नाही. एक लेखी आदेश पुरे.

आणि तुम्ही काय करायचं? धडधड सुरू झाली की जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी मागून घ्या. लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण त्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधी विचारा. सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर मात्र वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

घरातल्या कुणाला "तुझं नेहमीचंच आहे" म्हणण्याआधी एकदा तिची नाडी मोजून बघा.