उगमाच्या माथ्यावरची तहान

रिसोड तालुक्यातील रिठद परिसराच्या शिवारात पडणारा पाऊस पैनगंगेला मिळतो. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तेथून फार दूर नसलेल्या काटा गावाच्या टेकड्यांवर पडलेले पाणी मात्र काटेपूर्णेतून पूर्णेला, पुढे तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडील फाटे आणि त्यांच्यामधले पठार अशी वाशीम जिल्ह्याची घडण आहे. अडाण आणि अरुणावती या नद्याही याच जिल्ह्यात उगम पावतात. पाऊस सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे निसर्गाने या भागाला अगदीच उपाशी ठेवलेले नाही. तरीही खरिपाचे एक पीक हाती आले की बहुतेक शिवारे पुढच्या मृगाची वाट पाहत पडून राहतात. उगम येथे आणि साठा दुसरीकडे, हे या विसंगतीचे मूळ आहे.

काटेपूर्णेवरचे धरण अकोला जिल्ह्यात महान येथे आहे आणि अकोला शहराची तहान त्यावर भागते. अरुणावतीचे पाणी यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसजवळ अडविले गेले. पैनगंगेवरील इसापूर धरणाचा लाभ प्रामुख्याने हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या शेतीला होतो. ही धरणे गैर होती, असे कोणी म्हणणार नाही. धरण जेथे भूरचना अनुकूल तेथेच होणार आणि माथ्यावरच्या पठारावर अशा जागा कमीच असतात. पण खालच्या धरणासाठी पाणी राखून ठेवले गेले की वरच्या भागातील नव्या प्रकल्पांना पाणी उपलब्धतेचे प्रमाणपत्र मिळणे दुरापास्त होते, आणि भूगोलाचा प्रश्न पाहता पाहता धोरणाचा होऊन बसतो. नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्या वादामुळे महाराष्ट्राला समन्यायी पाणीवाटपाची चर्चा परिचित आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचा आधार घेऊन खालच्या खोऱ्याने तेथे आपला हक्क मागितला. वरच्या खोऱ्याकडे धरणेच नसतील तर त्याने काय मागायचे, याचे उत्तर मात्र त्या चर्चेत फारसे शोधले गेले नाही.

प्राचीन वत्सगुल्म ते हेच वाशीम. चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी सर्वसेनाने येथे वसविली. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या अनेक लेण्यांना आकार आला आणि त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख सोळाव्या लेण्यात आजही वाचता येतो. मोगल काळात हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. इंग्रजी अमदानीत ‘बासीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. परंतु १९०५ च्या फेररचनेत तो मोडला गेला, वाशीम अकोल्याला आणि पुसद यवतमाळला जोडले गेले. जिल्हा पुन्हा मिळाला तो १ जुलै १९९८ रोजी. जवळजवळ एक शतक हा मुलूख दुसऱ्या जिल्ह्याचे टोक म्हणून जगला. कचेऱ्या, महाविद्यालये, कारखाने आणि धरणांचे प्रस्ताव मुख्यालयाच्या आसपास गोळा होतात, हा आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे. विदर्भाच्या सिंचन अनुशेषाची मोजदाद दांडेकर समितीपासून चालू आहे. त्या अनुशेषाचा एक वाटेकरी होण्यास वाशीमला अशा रीतीने कितीतरी वर्षे आधीच प्रारंभ झाला होता.

पैनगंगेच्या पात्रात बांधलेले अकरा बॅरेज हा या अनुशेषावरचा अलीकडचा उपाय. कल्पना चांगली होती: मोठे धरण नाही तर नदीतच टप्प्याटप्प्याने पाणी अडवावे आणि काठच्या शेतकऱ्यांनी ते उपसून घ्यावे. पाणी अडले, पण उपसण्यासाठी लागणाऱ्या वीजवाहिन्या आणि उपकेंद्रे यांचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. भिंत एका खात्याची, तार दुसऱ्या खात्याची. काठावर उभे राहून भरलेली नदी पाहायची आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे नाही, असा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांना सिंचनक्षमतेचे कागदावरचे आकडे पटवून देणे कठीण आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर ध्रुववृत्तावर, स्वीडनमधील योकमोक नावाची नगरपालिका असाच उगमाचा प्रदेश आहे. क्षेत्रफळ एकोणीस हजार चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या साडेतीन पटींपेक्षा जास्त. वस्ती मात्र जेमतेम पाच हजारांची. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी! तेथील लुले नदीवर १९१० पासून पोरयुस येथे वीज केंद्राचे काम सुरू झाले, पुढे धरणांची मालिकाच उभी राहिली आणि सामी लोकांची रेनडिअर चारण्याची कुरणे पाण्याखाली गेली. वीज दक्षिणेकडच्या शहरांना व कारखान्यांना गेली. बांधकामे संपली तशी कामगारांची वस्ती ओसरली आणि लोकसंख्या घटत राहिली. जलविद्युत केंद्रांवरील मालमत्ता कर तेथे सरकारी तिजोरीत जमा होतो, नगरपालिकेच्या नव्हे. योकमोकची ही जुनी तक्रार आहे. शेजारच्या नॉर्वेने १९१७ च्या कायद्यानेच नदी ज्यांची त्या नगरपालिकांना विजेचा काही हिस्सा देण्याची तरतूद केली होती. तुलना फार ताणता येणार नाही. योकमोकला रहिवाशांच्या उत्पन्नावर स्वतःचा कर बसविता येतो; रिठदसारख्या ग्रामपंचायतीची मदार घरपट्टी, पाणीपट्टी आणि वित्त आयोगाच्या निधीवर. पण उगमाच्या प्रदेशाला त्याच्या पाण्याचा मोबदला कोणत्या स्वरूपात द्यावा, हा प्रश्न श्रीमंत देशातही मिटलेला नाही आणि नॉर्वेने दाखविल्याप्रमाणे तो कायद्याने सोडविता येतो, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

पाण्याची जी गत तीच पिकाची. गेल्या तीन-चार दशकांत ज्वारी आणि कापूस मागे सारून सोयाबीनने वाशीम जिल्हा व्यापला. कमी दिवसांचे, कमी मजुरीचे, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा देणारे पीक म्हणून शेतकऱ्याने ते पत्करले आणि कोरडवाहू शेतीत ते शहाणपणाचेच होते. परंतु सोयाबीनमध्ये तेल पाचव्या हिश्श्याच्या आसपास, उरलेली बहुतांश पेंड; आणि पेंडीचा भाव ब्राझील, अर्जेंटिना व अमेरिकेच्या पिकावर ठरतो. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर दर क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला तेव्हा केंद्राने बारा लाख टन पेंड आयातीस परवानगी दिली आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव कोसळले. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजारात मात्र बराच काळ चार हजारांच्या आसपासच सौदे झाले. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात शिरल्याने पेंडीची मागणी आणखी घटली. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढविले गेले, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा उतरविले. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण ओलाव्याची अट, बारदान्याची टंचाई आणि नोंदणीची रांग ओलांडून खरेदी केंद्रावर पोहोचेपर्यंत थांबण्याची ऐपत किती जणांची? बियाणे व खतांची उधारी फेडण्यासाठी माल आधीच रिसोड किंवा वाशीमच्या बाजारात गेलेला असतो.

रिसोड भागातील हळद आणि अलीकडे जिल्ह्यात रुजू लागलेला चिया यांकडे या अडचणीतून सुटण्याची वाट म्हणून पाहिले जाते. चियाला बाजार समितीत खरेदीची सोय झाली, ही जमेची बाजू. मात्र हळदीला पाणी लागते आणि प्रश्न पुन्हा पैनगंगेच्या काठावर येऊन थांबतो.

या काळात सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा जिल्ह्यांत वाशीम होता. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांतही त्याचे नाव आले. अकोला-पूर्णा लोहमार्ग २००८ मध्ये रुंद झाला, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्ह्याच्या उत्तर भागातून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव येथून त्यावर चढता येते. रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो, हे मात्र लक्षात घ्यावे लागेल. प्रक्रिया उद्योग जिल्ह्यात उभे राहिले नाहीत तर सोयाबीन अधिक वेगाने बाहेर जाईल, तेल आणि पेंड अधिक वेगाने परत येईल आणि पुण्याला जाणारी तरुण मुलेही. महामार्गालगत कृषी समृद्धी केंद्रे उभारण्याची घोषणा मूळ आराखड्यातच होती. त्या केंद्रांत सोयाबीन व हळदीच्या प्रक्रियेला प्राधान्य द्यायचे की केवळ भूखंड विकायचे, हे अद्याप ठरविता येण्यासारखे आहे. बॅरेजच्या वीजजोडण्यांना तर नव्या धोरणाचीही गरज नाही. मंजूर कामे पुरी करणे एवढेच शिल्लक आहे आणि रब्बीची पेरणी ऑक्टोबरात सुरू होते.