काळात मागे जायचंच, तर पणजोबांच्या बालपणात

मराठीत मुलांना भूतकाळात न्यायचं म्हटलं, की लेखकाची गाडी बहुधा थेट शिवकाळात जाऊन थांबते. तिथे मूल उरतं बघ्यापुरतं. कालप्रवासाच्या कादंबरीतून घर आणि मोठं होणं सांगायचं असेल, तर इतकं लांब जायची गरज नाही. फिलिपा पिअर्स यांच्या १९५८च्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’मध्ये टॉम रोज रात्री जिच्याशी खेळतो ती हॅटी शेवटी वरच्या मजल्यावरची म्हातारी घरमालकीण निघते. घरातलं थकलेलं माणूस कधीकाळी आपल्याएवढंच होतं, हे उमगलं की मूल थोडं वाढतं. उपदेशाने हे होत नाही.

अशा कादंबरीचं बीज कर्जत-कडाव पट्ट्यात तयारच आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारक तुकडीने १९४२मध्ये इंग्रज सरकारविरुद्धच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडले. दस्त्यात मानिवलीचे गोमाजी पाटील होते, त्यांचा मुलगा हिराजीही होता. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी हुतात्मा झाले. आता कल्पना करा, आजची कडावची मुलगी १९४२च्या पावसाळ्यात पोहोचते. आईला न सांगता रानात भाकऱ्या पोचवणारा, अंधाराला भिणारा पोरगा तिला भेटतो. तो तिचा पणजोबा. जानेवारीत काय होणार, हे तिला ठाऊक आहे. त्याला सांगावं की नाही?

कालप्रवास ही इंग्रजी उसनवारी, असं कुणी म्हणेल. पण भागवतातला ककुद्मी राजा लेक रेवतीच्या लग्नाचं विचारायला ब्रह्मलोकी जातो, गाणं संपेपर्यंत थांबतो, तेवढ्यात पृथ्वीवर युगं उलटतात. इतिहासाशी खेळ होईल, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठे जिंकतात, पण खरं पानिपत माहीत असलेल्यालाच त्यातली गंमत कळते. इथे तर तेवढीही मोकळीक घेऊ नये. पोरगा कल्पनेतला असावा. हुतात्म्यांची नावं, तारखा, मरण जसंच्या तसं राहावं.

१९४२ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीपार आहे. ज्याला ही कादंबरी लिहायची आहे, त्याने ग्रंथालय नंतर गाठावं. आधी कडाव-मानिवलीच्या ओट्यांवर जाऊन बसावं, आणि ते याच वर्षी.