कुलूप आमचे, किल्ली कोणाची?

‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’ डेटा सुरक्षेचा विषय काढला की चळवळीतलेच मित्र हा प्रश्न विचारतात. आम्ही त्यांना एकच प्रसंग सांगतो. एका कॉलेजने शिष्यवृत्तीचे अर्ज अपूर्ण राहिलेल्या मुलांची यादी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. नाव, जात, उत्पन्न, बँक खाते, सगळे उघड. सोयीसाठी टाकली, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवसापासून एका मुलीच्या शेजारी कोणी बसेना.

तिला जात लपवायची नव्हती. पण ती कोणाला आणि कशासाठी सांगायची, हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टास्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले, ते काय फक्त बंगल्यात राहणाऱ्यांसाठी?

यावर उपाय आहे. अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स या संशोधकांनी 2005 मध्ये गुणधर्मांवर आधारलेल्या एन्क्रिप्शनची कल्पना मांडली. 2007 मध्ये जॉन बेथनकोर्ट यांच्यासह त्यांनी ती अशी घडवली की माहिती कोणी वाचायची हा नियम कुलपातच बसवता येतो. ‘समाजकल्याण विभाग’ आणि ‘पडताळणी अधिकारी’ हे दोन्ही गुणधर्म ज्याच्या किल्लीत असतील, त्यालाच अर्ज उघडेल. फाइल चोरीला गेली तरी इतरांच्या हाती निरर्थक अक्षरे येतील.

पण किल्ल्या वाटणार कोण? मूळ पद्धतीत एकच मध्यवर्ती यंत्रणा सगळ्या किल्ल्या बनवते. म्हणजे ती कोणतेही कुलूप उघडू शकते. आम्हाला इथे महाड आठवते. 1923 मध्ये बोले ठराव झाला, 1924 मध्ये नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले, काठावर पहारा मात्र जातीचा! 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले ते यामुळेच. नियम कितीही चांगला असो, अंमल कोणाच्या हातात आहे हाच खरा प्रश्न.

संशोधकांनी याचेही उत्तर शोधले आहे. 2007 मध्ये मेलिसा चेस यांनी, 2011 मध्ये अ‍ॅलिसन ल्यूको आणि वॉटर्स यांनी अनेक यंत्रणांमध्ये अधिकार वाटणाऱ्या पद्धती मांडल्या. नियम तसा बांधला तर एकट्या खात्याला काहीच उघडता येत नाही. सत्तेची विभागणी संविधानाने शिकवली. ती सर्व्हरलाही लागू करा.

आता दुसरी लबाडी. खासगीपणाचे नाव घेऊन जातीचे आकडेच दडपायचे! 2011 च्या सर्वेक्षणातील जातीचे आकडे आजवर जाहीर झाले नाहीत. जनगणनेत जात मोजण्याची घोषणा व्हायला 30 एप्रिल 2025 उजाडले. क्रेग जेंट्री यांनी 2009 मध्ये दाखवून दिले, की कुलूपबंद माहिती न उघडताही तिच्यावर गणित करता येते. पद्धत अजून खर्चिक आहे, पण सबब संपली आहे. समूहाचा आकडा उघडा हवा, माणसाची नोंद बंद हवी. आज नेमके उलटे चालले आहे.

म्हणून मित्रांनो, पुढचा अर्ज भरताना कॉलेजला, खात्याला लेखी विचारा: आमची माहिती कोणत्या कुलपात आहे? किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? कोणी कधी उघडली, याची नोंद कुठे आहे? उत्तर मिळाले नाही तर तोच आपल्या लढ्याचा मुद्दा.

जय भीम! जय संविधान!